इराणी मालिका आणि देशाबाहेरचा इराणी प्रेक्षक

निलांबरी (धागाकर्ती)

इराण सोडलेल्या अनेक कुटुंबांनी ज्या राजवटीला कंटाळून देश सोडला, त्याच राजवटीच्या दूरचित्रवाणीवरच्या मालिका ती कुटुंबे परदेशात वर्षानुवर्षे आवडीने पाहत आली आहेत. या विषयावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. इराणी चित्रपटांची आपल्याकडे महोत्सवांमुळे पुष्कळ चर्चा झाली, त्यामुळे अब्बास किआरोस्तामी आणि असगर फरहादी ही नावे आपल्या वाचकांना परिचित आहेत. मेहरान मोदिरी, हसन फत्ही किंवा सिरूस मोघद्दम ही मालिका-दिग्दर्शकांची नावे मात्र तशी नाहीत. तेहरानपासून टोरांटोपर्यंतच्या घरांमध्ये रात्रीच्या जेवणानंतर प्रत्यक्षात पाहिले जाते ते बहुतांशी या दुसऱ्या गटाचे काम. टोरांटोच्या उत्तरेकडील ज्या भागात मी राहते तेथे इराणी वस्ती मोठी आहे. फारसी मला कामापुरती कळते आणि शेजाऱ्यांच्या घरी बसून यांपैकी काही मालिका मी पाहिल्या आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

परदेशातील इराणी या मालिका का पाहतात, याचे उत्तर बहुधा 'देशाची आठवण येते म्हणून' एवढ्यावर संपवले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आठवणींसाठी जुन्या गोष्टी पुरतात. त्यासाठी काल तेहरानमध्ये दाखवलेला भाग आजच पाहण्याची घाई कोणी करत नाही. माझे मत असे झाले आहे की मालिकेमुळे दूर गेलेल्या माणसाला देशातल्या प्रेक्षकांमध्ये, त्यांच्याच वेळी, जाऊन बसता येते. तेहरानमधील बहीण आणि इकडचा भाऊ फोनवर राजकारणाविषयी बोलत नाहीत, कारण तो फोन आणखी कोणी ऐकत असेल अशी धास्ती असते. पैशांविषयी बोलत नाहीत, कारण दोन्ही बाजूंना संकोच वाटतो. आईच्या आजारपणाविषयी बोलतात, पण त्यात जो जवळ आहे त्याला एक बोलण्याचा अधिकार असतो आणि जो दूर आहे त्याला तो नसतो. काल पाहिलेल्या भागाविषयी मात्र दोघांना सारख्याच अधिकाराने भांडता येते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नवरोजच्या मालिकांचे आहे. इराणी नववर्ष वसंतसंपाताच्या क्षणी सुरू होते आणि तेराव्या दिवशी, सीझदह बेदरला, सर्वांनी घराबाहेर मोकळ्या जागेत जाऊन ते साजरे करण्याची रीत आहे. या सुट्टीसाठी खास मालिका तयार केल्या जातात आणि घरी पाहुणे आलेले असताना सगळे मिळून त्या पाहतात. २०११ साली याच काळात 'पायतख्त', म्हणजे 'राजधानी', ही मालिका सुरू झाली. माझंदरान प्रांतातील एक कुटुंब घरसामान ट्रकमध्ये भरून तेहरानला राहायला येते, ठरलेल्या घराचा व्यवहार फिसकटतो आणि त्यांच्यावर त्या ट्रकमध्येच संसार मांडण्याची पाळी येते, अशी तिची पहिली कथा होती. मोहसेन तनाबंदेह यांनी साकारलेला नकी मामूली हा कुटुंबप्रमुख भोळा, हट्टी, मानी आणि प्रेमळ आहे. पुढे या मालिकेची अनेक पर्वे झाली, २०१८ च्या पर्वात तर हे कुटुंब तुर्कस्तानातून भरकटत थेट सीरियात आयसिसच्या तावडीत सापडते, आणि २०२५ च्या नवरोजलाही तिचे नवे पर्व आले. तेहरानमध्ये रात्री दहाला लागणारा भाग त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी अडीचला येतो. नवरोजची सुट्टी येथे नसते, तरी कामावरून परतताच आधी तो भाग पाहायचा आणि मग घरच्यांना शुभेच्छांचा फोन करायचा, असा क्रम पाळणारी घरे मला माहीत आहेत. हा क्रम उलटा का नसतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसरे कारण बोलींचे आहे. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या कानावर फारसी पडते ती आईवडिलांची, आणि आईवडिलांचा शब्दसंग्रह ज्या वर्षी त्यांनी देश सोडला त्या वर्षापाशी थांबलेला असतो. मालिकांमध्ये माझंदरानी हेल, इस्फहानी हेल, तेहरानच्या दक्षिण भागातील बाजारी बोलणे, कार्यालयातील औपचारिक भाषा आणि आजची तरुण मुले बोलतात ती घाईची फारसी, असे सगळे एका घरात ऐकू येते. १९९० च्या सुमारास कियूमर्स पूरअहमद यांनी केलेली 'किस्सेहा-ये मजीद' ही मालिका आजही या कारणाने पाहिली जाते. हूशंग मोरादी केरमानी यांच्या मूळ कथा केरमानच्या, पण दिग्दर्शकाने त्या आपल्या इस्फहान शहरात आणल्या आणि मजीदच्या आजीची, बीबीची, भूमिका स्वतःच्या आईला दिली. ती आजी इस्फहानी हेलात नातवाला जे रागे भरते ते कोणत्याही व्यावसायिक अभिनेत्रीला जमले नसते, असे मला मनापासून वाटते. इस्फहानहून आलेल्या माझ्या एका शेजाऱ्यांच्या घरी ही मालिका लागली की घरातील वृद्ध बाई त्या आजीला मोठ्याने उत्तरे देतात.

येथे इराणी, किंवा इतर कोणत्याही परदेशस्थ समाजाचा जवळून परिचय असलेले बरेच सदस्य आहेत. आपली निरीक्षणे आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.


गोदाकाठ

निलांबरीताई, विषय फार चांगला निवडला आहे. 'एकाच वेळी' या मुद्द्याला मात्र माझा थोडा विरोध आहे, कारण देशाबाहेरील इराण्यांची पहिली मोठी मालिका अशी होती की जी देशात दाखवण्यास बंदी होती.

'दाई जान नापोलेओन', म्हणजे 'नेपोलियन मामा', ही नासेर तघवाई यांची मालिका १९७६ साली, म्हणजे १९७९ च्या इस्लामी क्रांतीच्या थोडी आधी, आली. इरज पेझेश्कजाद यांच्या कादंबरीवर ती आधारलेली आहे. काळ १९४१ चा. दोस्त राष्ट्रांच्या फौजा इराणमध्ये शिरल्या आहेत. तेहरानमधील एका मोठ्या बागेच्या आवारात एकाच खानदानाची घरे आहेत आणि या खानदानाचा प्रमुख नेपोलियनचा निस्सीम भक्त आहे. काझेरून आणि ममसनी येथे कधी काळी झालेल्या किरकोळ चकमकी त्याच्या तोंडी वाढत वाढत महायुद्धे झाल्या आहेत आणि त्यांत झालेल्या पराभवाचा सूड घेण्यासाठी इंग्रज आपल्याच मागावर आहेत, अशी त्याची खात्री आहे. त्याचा नोकर मश कासेम प्रत्येक लढाईत आपणही हजर होतो असे शपथेवर सांगतो. विनोदाच्या आड ही एका समाजाच्या भयगंडाची कथा आहे, आणि प्रत्येक घटनेमागे परकीय हात शोधण्याच्या सवयीवर इराणी माणूस स्वतःच हसतो तेव्हा तो आजही याच मालिकेचा दाखला देतो.

क्रांतीनंतर ही मालिका सरकारी दूरचित्रवाणीवर दिसली नाही. तिचे आयुष्य पुढे व्हिडिओ कॅसेटवर गेले. लॉस एंजेलिसच्या वेस्टवूड भागातील इराणी दुकानांत किराण्याच्या शेजारी कॅसेटही मिळत. पेझेश्कजाद स्वतः परराष्ट्र खात्यातील नोकरी गेल्यावर देशाबाहेर राहिले आणि जानेवारी २०२२ मध्ये लॉस एंजेलिस येथेच वारले. मालिका ज्या घरात चित्रित झाली ते तेहरानच्या लालेझार भागातील इत्तेहादिये घर पुढे दुरुस्त करून लोकांसाठी खुले करण्यात आले, आणि सुट्टीत इराणला जाणारे अनेक जण ते घर पाहूनच परततात. मालिका बंदीत आणि तिचे घर मात्र पर्यटनस्थळ, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये इराण्यांनी स्वतःचे दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केले. चॅनेल १८ या बहुभाषिक स्थानिक वाहिनीवर वेळ विकत घेऊन ते दाखवले जात. हमीद नफीसी यांनी या कार्यक्रमांचा सविस्तर अभ्यास केलेला आहे. बातम्या, गाणी, राजकीय भाषणे, मुलाखती आणि जाहिराती असे त्यांचे स्वरूप होते; कथामालिका त्यात अगदी थोड्या. इच्छा नव्हती असे नाही. मालिकेला गल्ली लागते, जुनी घरे लागतात, गर्दीत उभे राहणारे शेकडो चेहरे लागतात, वेगवेगळ्या प्रांतांचे हेल बोलणारे नट लागतात आणि वर्षभर पुरेल इतका पैसा लागतो. परागंदा समाजाकडे गायक होते, निवेदक होते, पत्रकार होते, रस्ता नव्हता. लालेझार रस्ता हवा म्हणून अली हातमी यांनी 'हजार दस्तान'साठी तेहरानच्या पश्चिमेला चित्रनगरी उभारली, आणि ती मालिका पूर्ण होऊन १९८७ मध्ये प्रक्षेपित होईपर्यंत क्रांती होऊन गेली होती आणि इराकशी युद्धही सुरू झाले होते. असे काम लॉस एंजेलिसमध्ये शक्यच नव्हते. म्हणून ज्यांना त्या राजवटीचे काहीच नको होते त्यांनाही अखेर मालिकांसाठी तिकडेच पाहावे लागले.

पुढच्या काळातील उपग्रह वाहिन्यांनीही हे चित्र फारसे बदलले नाही. फारसी वन आणि जेम या वाहिन्यांनी तुर्की, कोरियन, लॅटिन अमेरिकी मालिका फारसीत आणल्या आणि त्यांना देशात व बाहेर प्रचंड प्रेक्षक मिळाला. लंडनहून चालणाऱ्या मनोतो वाहिनीने जुनी चित्रणे, माहितीपट आणि स्पर्धांचे कार्यक्रम उत्तम केले, पण जानेवारी २०२४ मध्ये तिचे उपग्रह प्रक्षेपण थांबले. फारसीत बोलणारे तुर्की राजवाडे प्रेक्षकाचे मन रमवतात, पण त्यात त्याला आपला जिना, आपला समोवार (चहाचे पाणी उकळत ठेवण्याचे भांडे) आणि आपल्या इमारतीच्या देखभालीवरून चालणारी भांडणे सापडत नाहीत.


शंतनु_के

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते. इराणची सरकारी दूरचित्रवाणी ही साधी प्रक्षेपण संस्था नाही. राज्यघटनेच्या कलम १७५ नुसार तिच्या प्रमुखाची नेमणूक सर्वोच्च नेता करतो, आणि देशात खाजगी दूरचित्रवाणी वाहिनीला परवानगी नाही. याच संस्थेने राजकीय कैद्यांचे सक्तीने घेतलेले कबुलीजबाब अनेकदा प्रक्षेपित केलेले आहेत. युरोपातील उपग्रह कंपनी युटेलसॅटने ऑक्टोबर २०१२ मध्ये तिच्या वाहिन्या बंद केल्या आणि पुढील वर्षी अमेरिकेने तिच्यावर निर्बंध घातले, ते विनाकारण नव्हे. परदेशस्थ इराण्यांसाठी तिने १९९७ पासून जामे जम ही वेगळी वाहिनी चालवली. तिचा हेतू निव्वळ करमणूक होता असे कोणी म्हणणार नाही.

'मदारे सेफ्र दरजे' या २००७ च्या मालिकेचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये शिकणारा इराणी तरुण आणि फ्रेंच ज्यू तरुणी यांची ती प्रेमकथा. तिच्या मागे अब्दुलहुसेन सरदारी या इराणी मुत्सद्द्याचा खरा इतिहास आहे, ज्यांनी पॅरिसमध्ये ज्यूंना इराणी पारपत्रे देऊन वाचवले. हसन फत्ही यांचे काम उत्तम आहे आणि शहाब हुसेनी यांचा अभिनयही. परंतु ज्या वर्षांत देशाचे राष्ट्राध्यक्ष ज्यूंच्या संहारावर जाहीर शंका घेत होते, त्याच वर्षांत सरकारी वाहिनीने हा इतिहास जगाला दाखवला. एकच संस्था दोन्ही चेहरे वापरते, तेव्हा प्रेक्षकाने सावध असले पाहिजे.

सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीचा कोठडीत मृत्यू झाल्यानंतर माझ्या परिचयातील अनेक इराणी सहकाऱ्यांनी त्या वाहिनीवरचे काहीही पाहणे पूर्णपणे सोडले. त्यांच्या दृष्टीने 'पायतख्त'वर हसणे हीसुद्धा एक प्रकारची संमती होती. या भूमिकेला या चर्चेत स्थान असायला हवे.


निलांबरी

शंतनु, आपण मांडलेली भूमिका मी माझ्या इमारतीतही पाहिली आहे. एका घरात मुलगी २०२२ नंतर या मालिकांच्या वेळी खोलीत निघून जाते आणि आई पाहत राहते, आणि त्या दोघींपैकी कोणा एकीला चूक ठरवणे मला शक्य होत नाही. आई म्हणते की ही माणसे, हे नट, हे लेखक सरकारचे नाहीत, आमचे आहेत. सरकारने त्यांना ओलीस ठेवले म्हणून मी त्यांना सोडू का? मुलगी म्हणते की ज्या पडद्यावर माझ्या वयाच्या मुलींना गुन्हेगार म्हणून दाखवले, त्या पडद्यावर मला विनोद नको.

स्वतः कलावंतही या प्रश्नापासून सुटलेले नाहीत. मेहरान मोदिरी यांनी दोन दशके सरकारी वाहिनीवर सर्वाधिक लोकप्रिय विनोदी मालिका केल्या. 'शबहा-ये बरारे' ही २००५-०६ मधील त्यांची मालिका घ्या: तेहरानचा एक सुशिक्षित पत्रकार एका काल्पनिक खेड्यात अडकतो, तेथे स्वतःचीच तर्कटे असलेली, भाजलेले हरभरे खात बसणारी, निवडणुकीपासून न्यायनिवाड्यापर्यंत सगळे उलटे चालवणारी मंडळी त्याला भेटतात. ते खेडे म्हणजे कोण, हे प्रत्येक प्रेक्षकाला कळत होते. याच मोदिरींनी २०२२ मध्ये आपले काम या वाहिनीने दाखवू नये, असे जाहीरपणे सांगितले. म्हणजे सरकारी पैशातून, सरकारी परवान्याखाली तयार झालेली गोष्टसुद्धा लोकांच्या मालकीची होऊ शकते, आणि एका टप्प्यावर तिच्या कर्त्याला ती परत मागावीशी वाटते. मालिका पाहणे म्हणजे संमती, हे समीकरण मला म्हणूनच मान्य होत नाही. मात्र न पाहणाऱ्याचा राग मला पूर्णपणे समजतो.


मृद्गंध

या चर्चेत घरगुती वितरणाचा, म्हणजे वाहिनीऐवजी डिस्कवर किंवा ऑनलाइन येणाऱ्या मालिकांचा, मुद्दा यायला हवा, कारण गेल्या दीड दशकात परदेशातील प्रेक्षकाचे सर्वाधिक लक्ष ज्या मालिकांनी वेधले, त्यांतील अनेक सरकारी वाहिनीवरच्या नाहीत.

२०१० मध्ये मोदिरी यांची 'कहवे-ये तल्ख' वाहिनीऐवजी थेट डिस्कवर विक्रीला आली. इतिहासाचा एक प्राध्यापक काळात मागे जाऊन एका काल्पनिक शाही दरबारात पोहोचतो, अशी तिची कल्पना. लोकांनी नक्कल न करता मूळ डिस्क विकत घ्यावी, असे आवाहन स्वतः मोदिरी करत असत. देशातील लोकांनी ते बऱ्याच प्रमाणात मानले. बाहेरच्यांना मानायचे म्हटले तरी मार्ग नव्हता: बँकिंग निर्बंधांमुळे पैसे पाठवता येत नव्हते आणि इराण प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सहभागी नसल्यामुळे इराणी कलाकृतींना बाहेर पुरेसे कायदेशीर संरक्षणही नव्हते. जे दर आठवड्याला नेमाने पाहत होते त्यांचा एक पैसाही कर्त्यांपर्यंत पोहोचत नव्हता. पुढे परदेशस्थ इराण्यांसाठी अधिकृत सेवा निघाल्या, पण फुकट पाहण्याची सवय त्याआधीच लागली होती.

'शहरजाद' २०१५ ते २०१८ या काळात तीन पर्वांत आली. पंतप्रधान मोसद्देग यांना हटवणाऱ्या १९५३ च्या सत्तापालटाने ती सुरू होते. शहरजाद वैद्यकीय विद्यार्थिनी आहे आणि तिचा प्रियकर फरहाद पत्रकार. फरहादला मृत्युदंड होतो. बुजुर्ग आगा हा बलाढ्य सरदार त्याला वाचवतो, पण शहरजादने आपल्या जावयाची, कबादची, दुसरी पत्नी व्हावे आणि घराण्याला वारस द्यावा, या अटीवर. तराने अलीदूस्ती, मुस्तफा जमानी, शहाब हुसेनी आणि ज्येष्ठ नट अली नसीरियान यांची ही मालिका, आणि तिची मोहसेन चावोशी यांनी गायलेली गाणी. त्या काळात ज्या इराणी घरी जावे तेथे याच मालिकेविषयी बोलणे निघत असे. कबाद हा खलनायक की बळी, यावर लग्नसमारंभात वाद झालेले मी ऐकले आहेत. वृद्धांसाठी तो काळ त्यांच्या बालपणाचा होता. मधल्या पिढीला आपल्या देशाच्या इतिहासाची गाडी नेमकी कोठे रुळावरून घसरली, हा कायमचा प्रश्न या कथेत दिसत होता. आणि मुलांना ती एक सुंदर प्रेमकथा वाटत होती.

मात्र या सगळ्या मालिकांमध्ये एक असा नियम आहे की जो देशाबाहेरच्या प्रेक्षकाला अधिक बोचतो. पडद्यावर स्त्रीने केस झाकलेले असावे लागतात, मग ती स्वतःच्या शयनगृहात एकटी असली तरीही, आणि परस्परांशी नाते नसलेले नट-नटी एकमेकांना स्पर्श करू शकत नाहीत. जुन्या काळाच्या मालिकांत टोप्या आणि त्यांच्याखालचे कापड वापरून हा नियम निभावला जातो. खरी अडचण येते ती विमानतळावर. परदेशातून मुलगा परततो आणि आई त्याला मिठी मारू शकत नाही, कारण ती नटी त्या नटाची आई नाही. ती अंगभर गुंडाळलेली चादर (बुरख्यासारखे वस्त्र) सावरत उभी राहते, तो खाली वाकतो, कॅमेरा दुसरीकडे वळतो, किंवा मध्येच एखादे लहान मूल पुढे केले जाते आणि दोघे त्या मुलाला कवटाळतात. ज्या प्रेक्षकाने ही भेट स्वतः अनुभवली आहे, त्याला माहीत असते की प्रत्यक्षात त्या क्षणी काय होते. कोणी रागाने हसतात, तर कोणी नटांच्या नजरेतून राहिलेले सगळे वाचून घेतात. मला स्वतःला या दुसऱ्या प्रकारच्या पाहण्याबद्दल फार आदर वाटतो. अशा प्रसंगांत इराणी नटांनी डोळ्यांनी आणि आवाजाने जे साधले आहे, ते इतर कोणत्याही देशाच्या मालिकांमध्ये मी पाहिलेले नाही. परंतु त्यामुळे नियम योग्य ठरत नाही. याच तराने अलीदूस्ती यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये डोके न झाकता आपले छायाचित्र प्रसिद्ध केले आणि डिसेंबरमध्ये त्यांना अटक झाली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांची जामिनावर सुटका झाली. पडद्यावर ती चौकट पाळणाऱ्या अभिनेत्रीला ती कशी वाटत होती, हे त्यानंतर निराळे सांगण्याची गरज राहिली नाही.


पूर्वा_पुणे

पुण्यात एके काळी इराणी विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकायला येत असत. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर असे विद्यार्थी भाड्याने राहत आणि सुट्टीवरून परतताना मालिकांच्या डिस्क घेऊन येत. परीक्षा संपल्या की आठवडाभर रात्री उशिरापर्यंत हसण्याचे आवाज येत. आमच्या आजी विचारायला गेल्या, तर त्यांनाही बसवून घेतले आणि प्रत्येक विनोद मोडक्या हिंदीत समजावून सांगितला.

मुंबई-पुण्यातील इराणी उपाहारगृहे चालवणारी झरथुष्ट्री कुटुंबे याज्द आणि केरमानकडून दूरचित्रवाणीच्या पुष्कळ आधी आली, त्यामुळे या मालिकांशी त्यांचे नाते वरील चर्चेतील नात्यासारखे नाही. दोन्ही समाजांना आपण एकाच शब्दाने ओळखतो म्हणून हा भेद नोंदवला.


अनिकेत_हॅम्बुर्ग

हॅम्बुर्गमध्ये इराणी आणि अफगाण हे दोन्ही समाज मोठे आहेत, आणि इराणी मालिकांचा एक प्रेक्षक या चर्चेत अजून आलेला नाही: इराणमध्ये निर्वासित म्हणून वाढलेला आणि पुढे युरोपात आलेला अफगाण. त्याची भाषा फारसीचीच दरी ही शाखा, त्याचे बालपण तेहरान किंवा मशहदमध्ये गेलेले, 'मजीद' त्यानेही पाहिलेला. परंतु त्याच मालिकांमध्ये अफगाण पात्र आले तर ते बहुधा मजूर किंवा चौकीदार असते आणि त्याच्या बोलण्याच्या ढबीवर विनोद केला जातो. माझा एक अफगाण सहकारी या मालिका प्रेमाने पाहतो, आणि असा प्रसंग आला की उठून चहा करायला जातो.

म्हणूनच २०२२ मध्ये आलेली 'पूस्ते शीर' त्याला विशेष वाटली. तुरुंगातून सुटलेला बाप आणि त्याची मुलगी यांची ही अस्वस्थ करणारी गुन्हेकथा. तिचे दिग्दर्शक जमशीद महमूदी अफगाणिस्तानात जन्मलेले आणि इराणमध्ये वाढलेले आहेत. मालिका अफगाणांविषयी नाही. तेहरानची कथा सांगण्याचा अधिकार आपल्यापैकी एकाने मिळवला आणि सगळ्या इराणने ती पाहिली, याचा त्याला अभिमान आहे.

दुसऱ्या पिढीविषयी एक निरीक्षण नोंदवतो. येथे वाढलेली मुले आईवडिलांबरोबर पूर्ण भाग पाहत नाहीत. मोबाइलवर एक-दोन मिनिटांचे तुकडे पाहतात. नकी मामूलीचे संवाद त्यांना पाठ असतात, पण कथा माहीत नसते. निलांबरी म्हणतात तसे देशातल्या प्रेक्षकांमध्ये जाऊन बसणे या मुलांच्या बाबतीत घडते आहे का, याविषयी मला शंका आहे.


गोदाकाठ

अनिकेत, तुकडे पाहणे हे तेहरानच्या मुलांचेही झालेले आहे; त्या अर्थाने ही मुले आपल्या वयाच्या इराणी प्रेक्षकांबरोबरच आहेत, आईवडिलांबरोबर नसली तरी.

मृद्गंध यांच्या प्रतिसादामुळे एक गोष्ट लक्षात आली. 'दाई जान'चा काळ १९४१ चा, 'मदारे सेफ्र दरजे'चा महायुद्धाचा, तीना पाकरवान यांच्या २०२१ मधील 'खातून'चा पुन्हा १९४१ चा, 'शहरजाद'चा १९५३ चा. लेखक-दिग्दर्शक पुनःपुन्हा याच काळाकडे का वळतात? एक कारण सोयीचे आहे: क्रांतीपूर्वीच्या राज्यकर्त्यांवर, परकीय फौजांवर, दडपशाहीवर लिहायला परवानगी मिळते, आणि वर्तमानाविषयीचे बरेच काही त्या पोशाखात सांगता येते. देशाबाहेरच्या प्रेक्षकाला हे सांकेतिक बोलणे वाचण्याची सवय असते. त्याशिवाय तो काळ असा की ज्याविषयी राजेशाहीवादी, डावे, धार्मिक आणि राष्ट्रवादी सगळ्यांना एकत्र बसून बोलता येते. १९७९ विषयी ते शक्य होत नाही.

मात्र परवानगीची ही सीमाही पक्की नाही. सिमीन दानेश्वर यांच्या १९६९ च्या 'सूवशून' या कादंबरीवरील मालिका, जिची पार्श्वभूमीही महायुद्धकाळातील शिराझचीच आहे, नर्गिस अबयार यांनी दिग्दर्शित केली आणि २०२५ मध्ये नामावा या खाजगी ऑनलाइन सेवेने ती दाखवण्यास सुरुवात केली. ऑनलाइन मालिकांना परवाना देण्याचे काम सरकारी दूरचित्रवाणीच्या अखत्यारीतील सातरा या संस्थेकडे आहे. परवाना नसल्याच्या कारणावरून केवळ मालिका थांबली नाही, तर नामावाचे संकेतस्थळच काही काळ बंद करण्यात आले. खाजगी सेवा म्हणजे सरकारपासून मुक्त, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. शंतनु यांचा आक्षेप तेथेही पूर्णपणे संपत नाही.


शंतनु_के

सहमत आहे. माझा आग्रह बहिष्काराचा नव्हता, पाहताना हे सारे माहीत असावे एवढाच होता. फारसी अजिबात न येणाऱ्या मराठी माणसाने कोठून सुरुवात करावी, हे कोणी सांगू शकेल का?


निलांबरी

'शहरजाद'चे पहिले पर्व आधी पाहावे. कथा बांधीव आहे आणि इंग्रजी उपशीर्षकांसह ते मिळते. त्यानंतर 'दाई जान', परंतु त्याआधी कादंबरीचा डिक डेव्हिस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद वाचल्यास मश कासेमच्या थापा अधिक कळतील. 'पायतख्त' आणि 'बरारे' यांचा विनोद हेलांमध्ये असल्यामुळे उपशीर्षकांत तो फार थोडा उतरतो; या दोन मालिका एखाद्या इराणी मित्राच्या घरी, त्याच्या शेजारी बसूनच पाहाव्यात. 'मजीद'ला मात्र भाषेची अडचण सर्वांत कमी येते. मुलाला सहलीला जायचे आहे, नवे कपडे हवे आहेत, आजीकडे पैसे नाहीत. एवढ्याशा गोष्टींवर संपूर्ण भाग उभा राहतो. घरात दहा-बारा वर्षांची मुले असतील तर त्यांनाही बरोबर घेऊन बसावे. अनिकेत, आपल्या सहकाऱ्याला आणखी कोणत्या मालिका महत्त्वाच्या वाटतात, हे विचारून येथे लिहिलेत तर यादीत भर घालता येईल.